नील डाऊ: महापौर, जनरल आणि तळघरातली सोळाशे डॉलरची दारू

तुमचा प्रश्न असा आहे: कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी तुम्ही अमेरिकेतले दारूबंदीचे पुरस्कर्ते नील डाऊ यांच्यावर हजार-बाराशे शब्द लिहायला घेतलेत. एका ठिकाणी ते ‘दारूबंदीचे जनक’ आणि यादवी युद्धातले शूर जनरल आहेत. दुसऱ्या ठिकाणी तेच ढोंगी ठरतात, कारण ते महापौर असताना नगरपालिकेच्याच तळघरात दारू निघाली, जमावावर गोळीबार झाला आणि एक माणूस मेला. शिवाय त्या युद्धातले दक्षिणेचे सेनापती रॉबर्ट ली यांच्या मुलाच्या बदल्यात त्यांची सुटका झाली, म्हणजे ते तेवढे मोठे सेनानी होते का, हेही तुम्हाला हवं आहे.

दोन्हीकडची माहिती बहुतेक बरोबरच आहे. घोळ होतो तो जोडताना. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत नगरपालिका, राज्य सरकार, राज्याची मिलिशिया (गरजेला बोलवायची नागरिकांची फौज) आणि संघराज्याचं सैन्य ही अधिकाराची चार वेगळी खाती होती. महापौर आणि लष्करी अधिकारी अशा दोन्ही भूमिका केलेला माणूस पंधरा वर्षांत या चारही खात्यांतून फिरलेला असतो. त्यामुळे लिहायला बसण्याआधी कागदावर तीन रकाने पाडा. पहिल्यात तारीख, दुसऱ्यात त्या दिवशीचं पद, तिसऱ्यात त्या दिवशी त्यांच्या हातात जो अधिकार होता तो कोणत्या कायद्याने किंवा हुकमाने आला होता ते. डाऊंचा तिसरा रकाना भरताना जिथे जिथे पेन अडखळतं, तिथे तिथे त्यांच्या आयुष्यातला एकेक वाद उभा आहे. आपल्या हेतूबद्दल या माणसाला कधी शंका नसायची, आणि म्हणूनच रीतसर कागदाची वाट पाहणं त्याला जड जायचं. लेखाचा कणा हाच धरावा असं मला वाटतं.

कशाला किती जागा द्यायची हे तुमच्या अंकाच्या विषयावर आहे. दारूबंदी हा विषय असेल तर १८५१ ते १८५६ या काळाला निम्मा लेख द्या. युद्ध हा विषय असेल तर १८६२ चा एप्रिल ते १८६४ चा मार्च. दोन्हींना सारखी जागा मात्र देऊ नका. सैनिक म्हणून त्यांच्या नावावर ठळकपणे दाखवण्यासारखी लढाई एका दिवसाची आहे, दारूविरोधातलं काम साठ-सत्तर वर्षांचं.

सुरुवातीचं आयुष्य दोन-तीन वाक्यांत आटपतं. जन्म २० मार्च १८०४, पोर्टलंड. तेव्हा मेन हे वेगळं राज्य नव्हतं, मॅसॅच्युसेट्सचा भाग होतं. ते १८२० साली वेगळं झालं. घर क्वेकर पंथाचं (हा ख्रिस्ती पंथ युद्ध निषिद्ध मानतो), वडील जोसाया यांचा चामडं कमावण्याचा कारखाना, आणि मुलगाही त्याच धंद्यात. पण या भागातली एक गोष्ट नक्की घ्या, कारण तिच्याशिवाय पुढचा हट्ट कळत नाही. पोर्टलंडचं बंदर वेस्ट इंडिज बेटांना इमारती लाकूड आणि पिंपांच्या फळ्या पाठवायचं आणि परतीच्या गलबतांतून उसाची मळी आणायचं. ती मळी गाळून तिथेच रम तयार व्हायची. कामगारांना रम देणं ही रोजच्या कामाची रीत होती. सकाळी अकराला आणि दुपारी चारला गावातली घंटा वाजायची, ती या रमच्या सुट्टीची. डाऊ या गावात मोठे झाले आणि कामगार हाताखाली ठेवणारे मालक झाले. दारू ही त्यांच्या दृष्टीने एकेकट्या माणसाची सवय नव्हती. गावाचा व्यापार, मजुरी आणि वेळापत्रक ज्यावर बसवलेलं होतं अशी ती व्यवस्था होती. म्हणूनच शपथा घ्यायला लावणाऱ्या प्रचारावर त्यांचा विश्वास उरला नाही आणि ते कायद्याकडे वळले.

आता कायदा. ‘डाऊंनी अमेरिकेतला पहिला दारूबंदी कायदा केला’ असं वाक्य तुम्हाला ठिकठिकाणी सापडेल. ते तसंच उचलू नका. मेनमध्ये १८४६ सालीच एक बंदीचा कायदा झाला होता, पण त्याची अंमलबजावणी होईना, कारण माल शोधून काढण्याची आणि जप्त करण्याची पक्की तरतूद त्यात नव्हती. १८५१ च्या वसंतात डाऊ पोर्टलंडचे महापौर झाले. मुदत एका वर्षाची असायची. निवडून येताच ते स्वतः तयार केलेला मसुदा घेऊन राजधानी ऑगस्टाला गेले, विधिमंडळाने तो मंजूर केला आणि २ जून १८५१ रोजी गव्हर्नर जॉन हबर्ड यांनी त्यावर सही केली. यात नवं होतं ते यंत्र, आणि लेखात तुम्हाला दाखवायचं आहे तेही हे यंत्रच.

ते असं चालायचं. गावातल्या तीन मतदारांनी न्यायदंडाधिकाऱ्यासमोर शपथेवर सांगायचं की अमुक दुकानात किंवा वखारीत विक्रीसाठी दारू ठेवली आहे असं आम्ही मानतो. एवढ्यावर झडतीचं वॉरंट निघायचं. राहत्या घराची झडती घ्यायची असेल तर नुसती शंका पुरत नसे. तिथे अलीकडे विक्री झाल्याची साक्ष लागायची. माल सापडला की जप्त. तो कायदेशीर आहे हे सिद्ध करण्याचं ओझं मालकावर. सिद्ध झालं नाही तर माल ओतून टाकायचा. विकणाऱ्याला पहिल्या वेळी १० डॉलर दंड, दुसऱ्यांदा २०, तिसऱ्यांदा २० आणि वर तीन ते सहा महिने तुरुंग. अपील करायचं तर जामीनदारांसह मोठा बाँड द्यावा लागे, म्हणजे वेळकाढूपणासाठी अपील करणं महाग पडायचं. त्या काळात मजुराचा रोज साधारण एक डॉलर होता हे लक्षात ठेवलं की या आकड्यांना वजन येतं.

या यंत्रात एक सूट होती. औषधासाठी आणि कारखान्यातल्या कामासाठी मद्यार्क लागतो. औषधं त्यात विरघळवतात, व्हार्निशसारख्या गोष्टींना तो लागतो. म्हणून महापौर आणि ऑल्डरमनांच्या मंडळाने, म्हणजे आपल्याकडच्या नगरसेवकांसारख्या सभासदांनी, एक एजंट नेमायचा. त्याला मंडळ ठरवील तेवढा मोबदला मिळायचा, म्हणजे खप वाढवण्यात त्याचा स्वार्थ राहू नये. आपल्याकडे १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात परवान्याची खिडकी ठेवली आहे. तुमच्या वाचकांना ती माहीत असते, त्यामुळे ही तरतूद समजावायला तो एक संदर्भ पुरेल. डाऊंवर पुढे जे आलं ते या खिडकीतूनच आलं.

मधली चार वर्षं थोडक्यात घ्या. १८५२ ला माजी गव्हर्नर ॲल्बियन पॅरिस यांनी त्यांना महापौरपदाच्या निवडणुकीत हरवलं. पण ‘मेन लॉ’ हे नाव देशभर झालं, १८५५ पर्यंत डझनभर राज्यांनी तशाच धर्तीचे कायदे केले, आणि डाऊ गावोगावी भाषणं देत फिरले. १८५५ ला ते पुन्हा महापौर झाले, अगदी थोड्या मतांनी. या विजयात परदेशी स्थलांतरितांच्या, विशेषतः आयरिश कॅथलिकांच्या विरोधात उभ्या राहिलेल्या ‘नो-नथिंग’ गटाची मतं होती. हे वाक्य लेखातून गाळू नका. पोर्टलंडमधल्या आयरिश मजुरांना हा कायदा आपल्यालाच लक्ष्य करून केलाय असं वाटत होतं, आणि डाऊंचे समर्थक कोण आहेत हे पाहता त्यांचं वाटणं निराधार नव्हतं. गुलामगिरीचा कट्टर विरोधक असलेला हा माणूस आयरिश शेजाऱ्याकडे मात्र संशयाने पाहत होता. दोन्ही बाजू एकाच परिच्छेदात आल्या तर चित्र खरं होतं.

आता २ जून १८५५, शनिवार. कायद्यावर सही झाल्याच्या दिवसाला बरोबर चार वर्षं झालेली, आणि म्हणूनच लेखांमध्ये या दोन तारखा एकमेकींत मिसळतात. रकान्यात साल ठळक लिहा.

नगरपालिकेच्या एजन्सीसाठी सुमारे १,६०० डॉलरची दारू मागवली गेली होती आणि ती सिटी हॉलच्या इमारतीत तळघरात ठेवली होती. माल कशासाठी होता याबद्दल गंभीर वाद नाही. तो औषधी आणि कारखानी वापरासाठीच होता. खोट होती ती कागदात. एजन्सीची कायदेशीर घडी पूर्ण बसण्याआधीच मागणी गेली, आणि ती डाऊंनी स्वतः दिली होती, त्यामुळे कागदोपत्री खरेदी त्यांच्या नावाला चिकटली. मंडळाची मंजुरी नंतर घेतली गेली. आता हे त्यांच्याच कायद्याच्या चौकटीत ठेवून पाहा: नेमलेला एजंट नसलेल्या एका माणसाच्या नावावर, विक्रीसाठी, इमारतीत साठवलेली दारू. तीन मतदारांनी शपथ घेतली की झडतीचं वॉरंट निघतं. विरोधकांनी नेमकं तेच केलं. तीन मतदार न्यायालयात गेले, शपथ घेतली, वॉरंट निघालं. कायद्याच्या अक्षरानुसार पुढची पायरी होती जप्ती, आणि मालकाला हक्क सिद्ध करता आला नाही तर माल रस्त्यावर ओतणं.

दुपारी सिटी हॉलसमोर दोनशेच्या आसपास लोक जमले. त्यांची मागणी साधी होती: दुसऱ्यांची दारू ओतता, तशी हीही ओता. संध्याकाळपर्यंत जमाव हजारावर गेला. अंदाज एक हजारापासून तीन हजारांपर्यंत आहेत, त्यामुळे तुम्ही एकच आकडा छातीठोकपणे देऊ नका, दोन्ही टोकं द्या. दगडफेक सुरू झाली, काही जण साठ्याच्या खोलीत घुसायला लागले. पोलिसांना आवरेना. डाऊंनी मिलिशिया बोलावली. जमावाला पांगण्याचा इशारा देण्यात आला, लोक हटले नाहीत, आणि डाऊंच्या हुकमावरून गोळीबार झाला. जॉन रॉबिन्स हा डियर आयलच्या एका गलबतावरचा मेट (कप्तानाच्या हाताखालचा अधिकारी) ठार झाला, सात जण जखमी झाले.

इथे तिसरा रकाना भरा. शहराची मालमत्ता आणि शांतता राखण्यासाठी महापौराने मिलिशियाची मदत घेणं, एवढा अधिकार होता. पण ज्या मालाचं रक्षण करायचं होतं तो शहराचा की डाऊंचा, हाच तर त्या दिवशीचा वाद होता, आणि वादातला एक पक्षकार स्वतः गोळीबाराचा हुकूम देत होता. तुम्हाला ‘ढोंगी’ हा शब्द खटकत असेल तर तो खटकणं बरोबर आहे. पिण्यासाठी लपवलेली दारू सापडली असं जे सुचवलं जातं ते चूक आहे. आणि समर्थक म्हणतात तसं ‘नुसती कागदी चूक’ म्हणून सोडून देणंही चूक आहे, कारण कागदी चुकीसाठी इतरांचा माल रस्त्यावर ओतणारा कायदा याच माणसाने लिहिला होता. रॉबिन्सचं नाव लेखात द्या. बऱ्याच लेखांत ‘एक दंगलखोर ठार’ एवढंच असतं, आणि दंगल पूर्णपणे आयरिश होती असंही असतं. जमाव मिश्र होता.

नंतर डाऊंवर बेकायदा दारू बाळगल्याचा खटला झाला आणि ते निर्दोष सुटले. या खटल्याचं एक वैशिष्ट्य पुढे कामाला येईल. विरोधात उभे होते नेथन क्लिफर्ड, अमेरिकेचे माजी ॲटर्नी जनरल. डाऊंच्या बाजूने होते विल्यम पिट फेसेंडेन, जे पुढे लिंकन यांच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले. क्लिफर्ड हे नाव रकान्याच्या कडेला लिहून ठेवा. राजकीय किंमत मात्र मोजावी लागलीच: डाऊ पुन्हा महापौर झाले नाहीत, राज्यात सत्ता विरोधकांकडे गेली, १८५६ ला ‘मेन लॉ’ रद्द झाला. १८५८ ला सार्वमताच्या आधाराने मेनमध्ये दारूबंदी परत आली आणि मग १९३४ पर्यंत टिकली. एका गोळीबाराने चळवळ संपली असं लिहाल तर हा १८५८ चा धागा सुटेल.

आता सैन्य. क्वेकर घरातला, सत्तावन्न वर्षांचा, लढाई कधी न पाहिलेला माणूस कर्नल कसा होतो? यादवी युद्धात संघराज्याच्या, म्हणजे उत्तरेच्या, बाजूने लढलेलं बहुतेक सैन्य स्वयंसेवकांचं होतं. पलटणी राज्यं उभारत, आणि पलटणीचा कर्नल राज्याचा गव्हर्नर नेमत असे. माणसं गोळा करता येतील असं ज्याचं नाव, त्याला पलटण मिळे. गव्हर्नर इझ्रायल वॉशबर्न यांनी १८६१ च्या नोव्हेंबरात डाऊंना १३ व्या मेन पलटणीचं कर्नलपद दिलं. पूर्ण भरलेल्या पलटणीत हजाराच्या आसपास माणसं असत. ही पलटण बेंजामिन बटलर यांच्या न्यू ऑर्लिन्स मोहिमेत गेली. बटलर दारूबंदीच्या विरोधातले डेमोक्रॅट. दोघांचं कधी जमलं नाही.

ब्रिगेडियर जनरल या हुद्द्याची तारीख २८ एप्रिल १८६२. तो हुद्दा ‘स्वयंसेवक सैन्यातला’ आहे, कायम सैन्यातला नाही, आणि तो कोणत्याही लढाईच्या बदल्यात मिळालेला नाही. योगायोगाने त्याच दिवशी न्यू ऑर्लिन्सच्या खालच्या अंगाला, मिसिसिपीच्या दोन काठांवर असलेले फोर्ट जॅक्सन आणि फोर्ट सेंट फिलिप शरण आले, आणि डाऊंना पुढे याच किल्ल्यांचा कारभार मिळाला. दोन गोष्टी शेजारी वाचून ‘किल्ले जिंकले म्हणून जनरल झाले’ असं लिहिण्याचा मोह होतो. किल्ले उत्तरेच्या फॅरागट आणि पोर्टर यांच्या आरमारामुळे पडले होते. त्यानंतर डाऊ फ्लोरिडातल्या पेन्साकोला भागाचे प्रमुख होते.

किल्ल्यांवर असतानाचं एक प्रकरण तुमच्या लेखात यायलाच हवं, कारण ते तळघरातल्या दारूचं लष्करी भावंड आहे. १८६२ च्या सप्टेंबरात, डाऊंच्या हाताखालच्या शिपायांनी ब्रॅडिश जॉन्सन या मळेवाल्याच्या मळ्यातून साखरेची २५ मोठी पिंपं आणि घरातली काही चांदीची भांडी नेली. डाऊंच्या दृष्टीने बंडखोर मुलखातला माल सरकारच्या कामी लावणं हे कर्तव्य होतं. जॉन्सनने न्यू ऑर्लिन्सच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला. डाऊ हजर राहिले नाहीत, आणि सुमारे दीड हजार डॉलरचा निकाल त्यांच्या विरोधात गेला. युद्ध संपल्यावर जॉन्सनने हाच निकाल घेऊन मेनमध्ये वसुलीचा दावा केला, आणि तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

१८७९ च्या सत्रात न्यायालयाने ठरवलं की युद्ध चालू असताना शत्रूच्या मुलखात लष्करी अधिकाऱ्याने केलेल्या कृतीचा जाब तिथलं दिवाणी न्यायालय विचारू शकत नाही. तो अधिकारी आपल्या सरकारला आणि लष्करी कायद्याला जबाबदार असतो. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती फील्ड यांचा. विरोधी मत लिहिलं न्यायमूर्ती नेथन क्लिफर्ड यांनी. तेच क्लिफर्ड, ज्यांनी १८५५ ला डाऊंवर खटला चालवला होता. याचा अर्थ सूड असा लावू नका. लष्कराच्या दिवाणी अधिकारक्षेत्राबद्दल खरोखरचा मतभेद होता आणि क्लिफर्ड एकटे नव्हते. आणखी एक सावधगिरी: न्यायालयाने डाऊंना साखर नेण्याचा हक्क होता असं म्हटलेलं नाही. त्यांना कोणत्या न्यायालयात खेचता येत नाही एवढंच म्हटलं आहे. ‘सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष ठरवलं’ हे वाक्य म्हणून चुकीचं ठरेल. आणि या खटल्याचं महत्त्व डाऊंपुरतं नाही; व्याप्त प्रदेशातल्या सैन्याच्या कायदेशीर स्थानाबद्दलचा तो एक महत्त्वाचा निकाल आहे.

प्रत्यक्ष लढाई म्हणजे लुइझियानातलं पोर्ट हडसन, २७ मे १८६३. उत्तरेचे जनरल बँक्स यांनी दक्षिणेच्या तटबंदीवर चढाईचा हुकूम दिला. डाऊंची ब्रिगेड थॉमस शर्मन यांच्या डिव्हिजनमध्ये होती (जॉर्जियातून कूच करणारे प्रसिद्ध शर्मन ते हे नव्हेत). सकाळी सगळ्यांनी एकदम हल्ला करायचा होता, पण शर्मन यांची बाजू दुपारी हलली. तोवर इतर ठिकाणचा जोर ओसरला होता आणि समोरच्यांना आपल्या तोफा आणि माणसं इकडे वळवायला सवड मिळाली होती. उघड्या मैदानातून जाताना डाऊंना आधी उजव्या दंडाला आणि मग डाव्या मांडीला गोळी लागली. शर्मन यांनी त्या दिवशी पाय गमावला. संघराज्याच्या बाजूची हानी सुमारे दोन हजार. डाऊ ब्रिगेडबरोबर पुढे होते, त्यांच्या धैर्याबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. डावपेचांचं श्रेय किंवा दोष मात्र त्यांच्याकडे नाही. ते वर ठरले होते.

ते पकडले गेले ते या लढाईत नव्हे. जखमा भरून येईपर्यंत ते जवळच्या एका खासगी घरात राहिले होते, आणि ३० जूनच्या रात्री शत्रूच्या घोडदळाने त्यांना तिथून उचललं. दक्षिणेची राजधानी रिचमंड, तिथल्या लिबी तुरुंगात नेलं. गुलामांच्या हाती शस्त्रं दिल्याच्या आरोपाची चौकशी करायची म्हणून मधे मोबीलला पाठवलं, आणि आरोप न ठेवताच परत लिबीत आणलं. ही चौकशी हलकी नव्हती. दक्षिणेच्या काँग्रेसने १ मे १८६३ ला ठराव केला होता की कृष्णवर्णीय सैनिकांचं नेतृत्व करणाऱ्या किंवा गुलामांना उठवणाऱ्या अधिकाऱ्यांवर लष्करी न्यायालयात खटले भरावेत. त्यात शिक्षा मृत्यूची होऊ शकत होती.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, ली यांच्या मुलाच्या बदल्यात सुटका. १८६४ च्या मार्चमध्ये डाऊ सुटले, आणि त्यांच्या बदल्यात सुटले विल्यम हेन्री फिट्झह्यू ली, घरचं नाव रूनी. इथे हमखास चूक होते, कारण फिट्झह्यू ली नावाचा दुसरा जनरल होता, रूनीचा चुलत भाऊ. वडिलांचं नाव तपासा, रॉबर्ट ली हवं. अदलाबदल हुद्द्याला हुद्दा अशी चालायची: ब्रिगेडियर जनरलला ब्रिगेडियर जनरल. म्हणजे यावरून डाऊंची लष्करी थोरवी मोजता येत नाही. पण ही जोडी मला फार बोलकी वाटते. रूनी ९ जून १८६३ ला ब्रँडी स्टेशनच्या लढाईत मांडीला गोळी लागून जखमी झाला, नातेवाइकांच्या घरी बरा होत असताना २६ जूनला पकडला गेला. डाऊही मांडीच्या जखमेतून उठत असताना, दुसऱ्याच्या घरात, चार दिवसांनी पकडले गेले. एक एकोणसाठ वर्षांचा, एक सव्वीस वर्षांचा. तुमच्या लेखात एखादा परिच्छेद जरा संथपणे लिहायचा असेल तर तो हा.

नोव्हेंबर १८६४ ला डाऊंनी राजीनामा दिला आणि पुन्हा दारूबंदीच्या कामाला लागले. १८८० ला प्रोहिबिशन पक्षाने त्यांना राष्ट्राध्यक्षपदासाठी उभं केलं. मतं मिळाली १०,३०५. हा आकडा नगण्य म्हणून टाकून देतात, आणि विजयाच्या दृष्टीने तो नगण्यच होता. पण त्याच निवडणुकीत गारफील्ड आणि हॅन्कॉक या दोन मुख्य उमेदवारांमधला देशभरातल्या मतांचा फरक दहा हजारांच्या आत होता, एवढं शेजारी लिहा. मेनच्या राज्यघटनेत दारूबंदी घालणारी दुरुस्ती १८८४ ला जनतेच्या मतांनी झाली, ती पाहायला ते होते. २ ऑक्टोबर १८९७ ला, त्र्याण्णव वर्षांचे असताना, पोर्टलंडमध्येच ते वारले. काँग्रेस स्ट्रीटवरचं १८२९ चं त्यांचं घर अजून उभं आहे.

मराठी वाचकाशी धागा जोडायचा असेल तर ओढूनताणून जोडू नका, एक खरा धागा आहे. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ अमेरिकेत होत्या आणि तिथल्या स्त्रियांच्या मद्यनिषेध संघटनेशी, फ्रान्सिस विलर्ड यांच्याशी त्यांचा निकटचा संबंध आला. ज्या चळवळीने रमाबाईंना व्यासपीठ दिलं तिच्या मागे कायद्याने बंदी आणता येते हा विश्वास होता, आणि तो विश्वास लोकांना प्रथम ‘मेन लॉ’ने दिला होता. एवढंच लिहा. डाऊ आणि रमाबाई भेटले असं सुचवू नका.

लिहून झाल्यावर या जागा पुन्हा तपासा: दोन २ जून, साल वेगळं, दंगलीच्या वेळी महापौर, जनरल नव्हेत, हुद्दा स्वयंसेवक सैन्यातला, पकडले गेले ३० जूनला, २७ मेला नव्हे, ली म्हणजे रूनी ली, खटला अधिकारक्षेत्राचा.

आणि छायाचित्र. डाऊंचं गणवेशातलं, खांद्याच्या पट्टीवर एक तारा असलेलं छायाचित्र सगळीकडे मिळतं. तो तारा १८६२ नंतरचा आहे. तुमच्या मांडणीत तो फोटो दंगलीच्या परिच्छेदाशेजारी आला तर वाचकाला वाटेल की एका लष्करी अधिकाऱ्याने जमावावर गोळ्या चालवल्या. त्या रात्री हुकूम देणारा माणूस साध्या कपड्यातला महापौर होता. तो फोटो पोर्ट हडसनपाशी लावा.